विल्यम्स नासपती झाडावर का पिकू देत नाहीत?

गणपतीच्या दिवसांत मुंबईत पाच फळांचा वाटा घेतला की सफरचंद, डाळिंब, पेरू, मोसंबी यांच्या जोडीला बहुतेक वेळा एक नासपती असते. विसर्जनानंतर ती कापावी, तर बाहेरून पिवळीधमक आणि आत बियांभोवती तपकिरी लगदा. नाहीतर उलट: चार दिवस ठेवूनही चिवट, ना गोड ना रसाळ. दोन्ही वेळा बोल फळवाल्याला लागतो. खरं तर फळवाल्यापेक्षा या फळाच्या पिकण्याच्या तऱ्हेचा आणि आपल्या हवेचा यात वाटा मोठा असतो. ती तऱ्हा एकदा समजली की नासपती घेताना, ठेवताना आणि कापताना काय करायचं ते आपोआप कळतं.

इथे बोलायचं आहे ते विल्यम्स या जुन्या वाणाबद्दल. अमेरिकेत आणि आपल्या बाजारातही त्याला बार्टलेट म्हणतात. इंग्लंडमध्ये बर्कशर परगण्यातल्या ऑल्डरमस्टन गावी, स्टेअर नावाच्या शाळामास्तरांच्या बागेत 1770 च्या आसपास हे झाड सापडलं. लंडनजवळ टर्नहॅम ग्रीनला रोपवाटिका चालवणाऱ्या रिचर्ड विल्यम्स यांनी त्याची कलमं विकली आणि त्यांचं नाव फळाला चिकटलं. अठराव्या शतकाच्या शेवटी काही झाडं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पोचली. ती ज्या मळ्यात लावली होती तो मळा 1817 मध्ये इनॉक बार्टलेट यांच्याकडे आला. मूळ नाव माहीत नसल्याने त्यांनी स्वतःच्या नावाने रोपं वाटली. 1828 मध्ये इंग्लंडहून नवी झाडं आली तेव्हा दोन्ही वाण एकच असल्याचं उघड झालं, पण तोवर तिकडे बार्टलेट हे नाव रुळलं होतं.

नासपतीच्या बीपासून आईसारखं झाड येत नाही, म्हणून वाण टिकवायचा तर कलमच बांधावं लागतं. म्हणजे कुल्लूच्या बागेतलं विल्यम्सचं झाड असो की कॅलिफोर्नियातलं, ते कलमाच्या अखंड साखळीने ऑल्डरमस्टनच्या त्या एका झाडाचाच भाग आहे. अडीचशे वर्षांत फांदीवर आपोआप झालेले काही बदल तेवढे वेगळे. लाल सालीची मॅक्स रेड बार्टलेट अशीच, 1938 मध्ये वॉशिंग्टन राज्यात झिला गावी एका फांदीवर सापडली.

आढीचा अर्धाच नियम लागू

हापूस कच्चा उतरवतात, पेंढ्याच्या आढीत घालतात आणि तिथल्या उबेत तो पिकतो. त्यामुळे फळ पिकवायचं म्हणजे ऊब द्यायची, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. विल्यम्सच्या बाबतीत यातलं अर्धंच खरं. तीही कच्चीच उतरवतात, पण पिकवायला तिला गारवा लागतो.

कच्ची उतरवण्याचं कारण असं. ही नासपती आतून बाहेर पिकते. बियांभोवतीचा गर आधी मऊ होतो, सालीजवळचा सगळ्यात शेवटी. झाडावरच पिकू दिली तर साल पिवळी होऊन वरचा गर हाताला मऊ लागेपर्यंत गाभा केव्हाच उतरलेला असतो: तपकिरी, पिठूळ, आंबूस. शिवाय झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळाचा गर भरड होतो. म्हणून बागायतदार फळ पूर्ण वाढलेलं पण टणक, हिरवं असतानाच काढतो.

काढणीची वेळ ठरवायची एक जुनी पद्धत आजही वापरतात. लटकतं फळ हातात धरून अलगद आडवं करायचं. देठ फांदीच्या गाठीपासून सहज सुटला तर फळ तयार. ओढावं लागलं किंवा फांदीचा तुकडा सोबत आला तर अजून थांबायचं. मोठ्या बागांत दाबमापक वापरतात. त्याचा 8 मिलिमीटर जाडीचा दांडा साल काढलेल्या गरात घुसवायला काढणीच्या वेळी साधारण 8 किलोचा जोर लागतो. तेच फळ खायला तयार झालं की दीड किलोही पुरतो. फार लवकर काढलेली फळं पिकण्याऐवजी सुरकुततात, आणि उशिरा काढलेली आतून उतरतात. ही खिडकी दोन-तीन आठवड्यांपेक्षा मोठी नसते.

काढल्यावर पुढे काय होतं, ते इथिलिन या वायूवर ठरतं. पिकू लागलेलं फळ स्वतःच हा वायू तयार करतं. त्याच्या इशाऱ्यावर पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन विरघळू लागतं, पिष्टाची साखर होते, सालीतला हिरवा रंग जातो आणि वास सुटतो. विल्यम्समध्ये ही यंत्रणा सुरळीत चालू व्हायला थोडी थंडी मदत करते. दोन-तीन आठवडे शून्य अंशाच्या आसपास राहिलेली फळं नंतर एकसारखी पिकतात. थंडी अजिबात न मिळालेली फळंही पिकतात, पण एका पेटीतली चार आज, चार पुढच्या आठवड्यात, अशी. आंजू या दुसऱ्या वाणाला तर साधारण दोन महिन्यांची थंडी लागते. त्या मानाने विल्यम्स समजूतदार आहे.

थंडीनंतर तिला 18 ते 22 अंश तापमान हवं. एवढ्या गारव्यात चार ते सहा दिवसांत ती लोण्यासारखी मऊ होते. तापमान 30 च्या वर गेलं की इथिलिन बनवणारं एन्झाइम नीट काम करत नाही. सालीचा हिरवा रंग तरीही जातो, म्हणून फळ पिवळं दिसतं. पण पेक्टिन हवं तसं विरघळत नाही आणि गर चिवट राहतो. आणखी दोन-तीन दिवस तसंच ठेवलं तर मऊ होण्याऐवजी ते कुजायलाच लागतं.

आता मुंबईचा ऑगस्ट आठवा. कमाल तापमान 30 च्या आसपास, पहाटेही 25 च्या खाली क्वचित. मखरातले दिवे, जवळची समई, बंद खोलीत आरतीला जमलेली माणसं, यांनी चौरंगाजवळची हवा आणखी तापते. शेजारी सफरचंद आणि केळी इथिलिन सोडत असतात, म्हणजे पिकण्याचा इशारा जोरात मिळतो आणि ते नीट पार पडण्याजोगा गारवा मात्र नसतो. घेताना गाभा आधीच मऊ पडू लागलेला असेल तर दीड दिवसात तो तपकिरी होणारच. ऑक्टोबरच्या उकाड्यात उरलेल्या मालाची अवस्था आणखी वाईट असते.

घरी कशी पिकवायची

पूजेसाठी घेत असाल तर टणक आणि हिरवीच घ्या, म्हणजे तेवढे दिवस निघतील. खाण्यासाठी घेत असाल तरी टणकच घ्या, पण पुढचं वेळापत्रक पाळा.

आल्या आल्या धुऊ नका. ओली साल बुरशीला आमंत्रण देते. पुसून, कागदी पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. घरच्या फ्रिजमध्ये 4 अंशांच्या आसपास तापमान असतं, तेवढी थंडीही उपयोगी पडते. आयात केलेल्या किंवा शीतगृहातून आलेल्या मालाला थंडी आधीच मिळालेली असते, त्यामुळे ही पायरी गाळली तरी चालते. मग बाहेर काढून, त्याच कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं घालून, तोंड दुमडून घरातल्या सर्वात गार जागी ठेवा. रात्री एसी चालणारी खोली असेल तर उत्तम. नसेल तर ओट्यापासून आणि फ्रिजच्या मागच्या गरम हवेपासून दूर, जमिनीलगत. प्लॅस्टिकची पिशवी नको. तिच्यात पाणी साचतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि गराला दारूसारखा वास येऊ लागतो. कांदे-बटाट्यांच्या टोपलीतही ठेवू नका, त्यांचा वास नासपती चटकन ओढून घेते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तपासा. तपासायचं ते पोट नव्हे, मान. देठाच्या बुडाला लागून जो निमुळता भाग असतो तिथे अंगठ्याने हलकेच दाबा. किंचित दबली की फळ तयार. मानेत सालीपासून मध्यापर्यंतचं अंतर सर्वात कमी, त्यामुळे आतलं पिकणं बाहेर प्रथम तिथेच कळतं. पोट दबेपर्यंत थांबलात तर गाभा गेला म्हणून समजा. रंगाची मदत होते, पण तोच एक पुरावा धरू नका; उकाड्यात रंग फसवतो, हे वर आलंच आहे. मान दबली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. कोथिंबीर-मेथीपासून मात्र लांब ठेवा, कारण पिकलेल्या नासपतीच्या इथिलिनने पालेभाजी भराभर पिवळी पडते. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवली की गंध खुलतो.

उलटी चूकही होते. फ्रिजमध्ये ठेवली म्हणजे महिनोन्‌महिने टिकेल, असं नाही. व्यापारी शीतगृहात उणे 1 ते 0 अंश आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता राखली तरी विल्यम्स दोन-तीन महिनेच चांगली राहते. त्यापुढे ती पिकण्याची ताकदच गमावते: बाहेर काढल्यावर सालीवर तपकिरी झाक चढते आणि गर मऊ न होता कोरडा, पिठूळ होतो. घरचा फ्रिज तर त्याहून उबदार, तिथे दोन आठवडे ही मर्यादा धरावी.

बाजारात ओळखायची कशी

मुंबईत नासपती, पेर, बब्बूगोशा ही नावं वेगवेगळ्या फळांना सर्रास लावली जातात, त्यामुळे नावावर न जाता फळाकडे पाहावं.

विल्यम्सचा आकार घंटेसारखा: खाली गोल फुगीर, वर निमुळती मान, आणि पृष्ठभाग थोडा उंचसखल. साल पातळ, तिच्यावर बारीक तपकिरी ठिपके, कधी उन्हाच्या बाजूला फिकट लाली. देठ आखूड आणि जाड. वजन साधारण 150 ते 200 ग्रॅम. पिकताना हिरव्याची स्पष्ट पिवळी होते. आंजू पिकली तरी हिरवीच राहते. भारतातला हा माल मुख्यतः हिमाचल आणि काश्मीरचा, जुलै ते सप्टेंबरमध्ये वाशीच्या एपीएमसी फळबाजारात येतो आणि तिथून क्रॉफर्ड मार्केट, दादर, बोरिवली, ठाण्याला पसरतो. दरड कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला की ट्रक उन्हापावसात अडकतात. अशा खेपेतली फळं पेटीतच पिवळी होऊन येतात, ती टाळलेली बरी.

त्याच दिवसांत हातगाडीवर दिसणारी गोल, हिरवी, दगडासारखी कडक नासपती बहुतेक वेळा पंजाबची पत्थरनाख असते. ती वेगळ्याच जातीची, आशियाई. तिला पिकवायची गरज नाही. धुवावी आणि कचकच खावी. तिला कागदी पिशवीत आठवडाभर ठेवून मऊ होण्याची वाट पाहणं व्यर्थ आहे. फोमच्या जाळीत येणाऱ्या गोल, पिवळसर, पाणीदार नासपत्याही याच आशियाई गोतावळ्यातल्या. वर्षाच्या पूर्वार्धात मॉलमध्ये दक्षिण आफ्रिकेची मोठी, खडबडीत, हिरवी पॅकहॅम असते. ती ऑस्ट्रेलियात चार्ल्स पॅकहॅम यांनी विल्यम्सचाच संकर करून काढली, म्हणून पिकवायची रीत विल्यम्सचीच.

पत्थरनाख चावताना दाताखाली जी रेती लागते ती माती नव्हे. गरातल्या काही पेशी आपल्या भिंती लिग्निनने जाड करून मरतात आणि त्यांचे पुंजके राहतात. लिग्निन हाच पदार्थ लाकडाला कडकपणा देतो. या दगडी पेशी सगळ्याच नासपतींत असतात, पण विल्यम्समध्ये कमी आणि बारीक, त्याही मुख्यतः गाभ्याभोवती. तिची ख्याती याच मऊसूत गरामुळे आहे.

घेताना देठ शाबूत असलेली घ्या, कारण देठ तुटलेल्या जागेतून बुरशी आत शिरते. सालीवरच्या घासल्याच्या तपकिरी रेघांना घाबरू नका. पातळ साल पेटीत एकमेकींवर घासली की त्या उमटतात, गर चांगलाच असतो. मऊ पडलेला ओलसर डाग मात्र खराबच. आणि घेतल्यावर लोकलच्या गर्दीत नारळाच्या पिशवीत कोंबू नका; कच्ची असतानाचा मार पिकल्यावर काळा डाग होऊन वर येतो.

वास, किडे आणि झाड

पिकलेल्या विल्यम्सचा जो ओळखीचा गंध असतो, त्यात इथाइल डेकाडायनोएट या एस्टरचा वाटा सर्वात मोठा. फ्रान्स-स्वित्झर्लंडमध्ये या फळापासून गाळलेल्या मद्यातही तोच वास उतरतो. ज्याची अळी सफरचंद-नासपती पोखरते तो कॉडलिंग पतंग याच वासाचा माग काढत येतो, म्हणून त्याला पकडायच्या सापळ्यांतही हेच रसायन वापरतात. माणसाला आणि किडीला एकच गोष्ट आवडावी, याचा शेतकऱ्याने केलेला हा फार चांगला उपयोग आहे.

झाडाबद्दल थोडक्यात. हिवाळ्यात 7 अंशांखाली साधारण 800 तास किंवा अधिक थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट फुटत नाहीत. मुंबईत हे शून्य तास होतात आणि महाबळेश्वरलाही ते गणित जमत नाही. ऑनलाइन मिळणारं नासपतीचं रोप गॅलरीतल्या कुंडीत पानं धरेल, पण फळाची आशा धरू नये. जिथे थंडी आहे तिथे परागीकरणासाठी जवळ दुसऱ्या वाणाचं झाड लागतं, आणि तेही कोणतंही चालत नाही: सेकेल हा वाण विल्यम्सला फळवत नाही. झाड ठेंगणं ठेवायला क्विन्स या नासपतीच्या नात्यातल्या फळझाडाच्या खुंटावर कलम करतात, पण विल्यम्सचं क्विन्सशी जुळत नाही. काही वर्षांनी जोडाच्या जागी झाड कापल्यासारखं मोडतं. त्यावर उपाय म्हणून मध्ये ओल्ड होम किंवा बोरे हार्डी या नासपतीच्याच दुसऱ्या वाणाचा तुकडा जोडतात. आणि फायर ब्लाइट या जिवाणूजन्य करप्याला हा वाण फारच नाजूक. फुलं आणि कोवळे शेंडे काळे पडून आकड्यासारखे वाकतात. तेव्हा दिसणाऱ्या रोगाच्या 20 ते 30 सेंटिमीटर खाली फांदी छाटावी लागते आणि दर कापाला कात्री निर्जंतुक करावी लागते. दमट हवेत हा रोग उसळतो, म्हणून अमेरिकेत या वाणाची शेती पूर्वेकडून कोरड्या पश्चिम किनाऱ्याच्या राज्यांत सरकली.

स्वयंपाकात

शिजवायला मान नुकती दबू लागलेली, पोट अजून घट्ट असलेली नासपती घ्यावी. पूर्ण पिकलेली पाकात विरघळते. चार फळांना 1 लिटर पाणी, 250 ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस, चार वेलदोडे, केशराच्या आठ-दहा काड्या. साल काढून उभे दोन भाग करा, गाभा चमच्याने कोरून टाका, पाक उकळल्यावर फोडी घालून मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं ठेवा. सुरी सहज गेली की गॅस बंद, आणि फोडी पाकातच गार होऊ द्या. शिजूनही आकार आणि वास टिकतो, म्हणून डबाबंद नासपतीसाठी जगभर याच वाणाला पसंती आहे. मुरांब्याला मात्र पत्थरनाख अधिक चांगली, तिच्या फोडी किलोला 700 ग्रॅम साखरेतही कडक राहतात.

कापल्यावर फोडी काळ्या पडतात, कारण पेशी फुटून आतलं एन्झाइम आणि फेनॉल हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात. अर्धा लिटर पाण्यात मोठा चमचाभर लिंबाचा रस घालून त्यात फोडी बुडवल्या की एन्झाइम मंदावतं. कोशिंबिरीत दही असल्याने हा त्रास कमी. दोन फळांना वाटीभर दही, दोन चमचे दाण्याचं कूट, एक मिरची आणि मीठ पुरे. फक्त मीठ वाढायच्या वेळी घाला, नाहीतर पाणी सुटतं.

लहान मुलांना एका वेळी अर्धं फळ पुरे. नासपतीत सॉर्बिटॉल ही साखर-अल्कोहोल 100 ग्रॅमला साधारण 2 ग्रॅम असते, ती आतड्यात पूर्ण शोषली जात नाही आणि पाणी ओढून घेते. बद्धकोष्ठात याचा फायदा होतो. पोट नाजूक असलेल्यांना मात्र गॅस आणि जुलाब. कापल्यावर फक्त गाभा तपकिरी निघाला, बाकी गर पांढरा आणि वास गोड असेल, तर तपकिरी भाग बोटभर रुंद कोरून काढून उरलेलं खाता येतं. वास आंबूस असेल, किंवा तपकिरी रंग सालीपर्यंत पोचला असेल, तर ते फळ टाकून द्यावं.